चादरीच्या दशा

ट्रॉम्सोहून श्रीलतानं व्हिडिओ पाठवला.
बावीस सेकंदांचा, त्यातले सहा तिच्या हातमोज्याचे.
मग आभाळ. हिरवं, हलतं,
ओली लडी पिळून दोरीवर टाकावी तसं.

मार्च संपत आलेला. अक्कलकोट रोडची लाईट गेलेली.
माग गप्प, म्हणून कुत्री ऐकू येत होती,
आणि गच्चीची फरशी
दिवसभराचं ऊन अजून परत करत होती.
नायना बनियन छातीपर्यंत दुमडून बसलेले.
चाळीस वर्षं रंगाच्या हौदावर काढली,
नखांच्या मुळाशी निळं अजून आहे.
मोबाईल नाकाजवळ नेऊन त्यांनी पहिल्यांदा विचारलं,
"रंग पक्का हाय का?"

कच्चा, नायना. उजाडलं की गेला.

"रंगारी कोण मग?"

सूर्य.
आपल्याला भाजतो तोच.
तो नुसतं ऊन देत नाही,
गिरणीतून कापसाची धूळ उडावी तशी
विजेची धूळ उडवतो, चहूकडे, रात्रंदिवस.
इथवर यायला तिला दोन-तीन दिवस लागतात.

"मग आपल्यावर का पडत नाय? ऊन तर पहिलं आपल्यालाच."

मी नववीला विज्ञान शिकवते.
फळ्यावर लोहचुंबक काढते, कीस काढते, पोरं जांभया देतात.
इथं फळा नव्हता.
मी म्हटलं, पृथ्वी म्हणजे एक बीम समजा.
तिच्यावरून न दिसणारा ताणा ओढलेला आहे,
दक्षिणेच्या टोकापासून उत्तरेच्या टोकापर्यंत.
सोलापूरवरून ते धागे जवळजवळ आडवे जातात.
विजेच्या धुळीला धागा ओलांडता येत नाही,
धाग्याभोवती गिरक्या घेत, धाग्यावरूनच जावं लागतं.

सूर्याचा वारा हा ताणा रात्रीच्या बाजूला खेचत नेतो,
लांब, फार लांब, शेपटीसारखा.
एका क्षणी धागा तुटतो.

"आणि गाठ कोण मारतो?"
(हा प्रश्न नववीतल्या एकानंही कधी विचारला नाही.)

आपला आपण जुळतो, नायना.
तुटतो, दुसऱ्या धाग्याला जुळतो, आणि झटक्यानं मागं येतो.
त्या झटक्यात धूळ खाली सुटते, दोन्ही टोकांकडे,
आणि हवेवर आपटते.

ते बराच वेळ काही बोलले नाहीत.
मग हवेत बोटांनी कडेचे धागे मोकळे केल्यासारखं करत,
"म्हंजे ह्या दशा हायत की बे.
चादर आपल्यावर. दशा तिच्याकडं."

हो.
एवढं सोपं मला कधी जमलं नव्हतं.

मग रंगांवर आले. हौदावरचा माणूस तिथं येणारच.
हिरवा प्राणवायूचा, शंभर-दीडशे किलोमीटरवर,
मार बसला की सेकंदाच्या आत उजळतो.
खालची जांभळट किनार नायट्रोजनची.
आणि सगळ्यात वर, कधीतरी, लाल.
तोही प्राणवायूच,
पण ह्या लालाला उजळायला जवळपास दोन मिनिटं लागतात.
तेवढ्यात शेजारचा कण धडकला
तर रंग तिथंच विझतो.
म्हणून तो उंचावरच दिसतो, हवा विरळ असते तिथं,
कुणाचा कुणाला धक्का लागत नाही.

"लाल नेहमीच वेळ खातो," नायना म्हणाले.

पुन्हा व्हिडिओ लावला. हातमोजा. हिरवं.
शेवटी एकदा तिचा श्वास ऐकू येतो, वाफेचा.
दोन खोल्यांत आम्ही नऊ जण वाढलो,
तिच्या वहीवर कायम कुणाचा तरी पाय पडायचा.

"तिथं ती एकटीच राहती का गं?"

मी उत्तर दिलं नाही. त्यांना ठाऊक होतं.

लाईट आली. खाली चिलकांच्या कारखान्यात
एक माग सुरू झाला, मग दुसरा, मग मोजता येईनात.
नायना ओरडून बोलले, मागांवर बोलायची सवय आहे त्यांना:
"लिही तिला. दशांना गाठी मारून घे म्हणावं.
सुट्या ठेवल्या तर उसवत उसवत
हितपर्यंत येतंय."

तेवढंच लिहून पाठवलं.
निळ्या खुणा यायला
दोन मिनिटं लागली असतील.